आकडा

शालननं बाटली दिली खोबरेल तेलाची,
वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन रबरबँड लावून.
म्हणाली, सायबिणीच्या माथ्यावर ओता,
मेणाचा पाय ठेवा,
आणि येताना खाजें. आल्याचं. तीळ लावलेलं नको.

खोर्लीच्या उतारावरून निघालो तेव्हा साडेनऊ.
दिवसभर तापलेलं डांबर
चपलेच्या तळातून अजून बोलत होतं.
या रस्त्यावरची माणसं मला नावांनी थोडी,
आकड्यांनी जास्त ठाऊक.
एकतीस वर्षं वीज खात्याची वही काखेत मारून
दारामागचे, जिन्याखालचे, कुत्र्यापलीकडचे मीटर वाचले.
ब्रागांझांचा पंखा रात्रभर चालतो,
लोटलीकरांचा फ्रीज मे महिन्यात धापा टाकतो,
कुणाकडे मुलगी बाळंतपणाला आलीय,
सगळं चाकाच्या फिरण्यावरून कळायचं.
फेस्ताचा आकडा मात्र वहीत नसायचा,
तो थेट खांबावर टाकलेला असायचा,
आणि मी सोळा फेस्तं तरी
खांबाकडे न बघता चाललो आहे.

देवळाकडून येणारे, इगर्जीकडे जाणारे,
एकाच अरुंद गल्लीत अडकलेले.
पाट, पोळपाट, ओल्या वासाची मडकी,
चण्यांच्या माळा घातलेली आजीबाईंची गिऱ्हाइकं,
बँडवाल्यांचा पोर सॅक्सोफोनच्या पेटीवर बसून
डाळवडा खातोय, गणवेशाचं बटण उघडं.
एक लहानगं बापाच्या खांद्यावर झोपलेलं,
हातातला फुगा तेवढा जागा.

सायबिणीपाशी मेणाची माणसं सुटी सुटी विकायला:
डोळे एका ताटात, हात दुसऱ्या,
बाळं उताणी, पाय उभे.
पिएदादबाई गेली कित्येक वर्षं त्याच कोपऱ्यात.
तिचा मीटर माझ्या वहीत शेवटून तिसरा.
म्हणाली, पांय? दावो काय उजवो?

आणि मला आठवेना.

फोन करता आला असता.
पण काय विचारणार,
तीन वर्षं शेजारी झोपलेल्या दुखण्याचा पत्ता?
मागच्या माणसानं खांद्यावर टकटक केली.
मी बाजूला झालो.
दारूच्या गुत्त्यामागे थोडा अंधार होता, तिथे गेलो
आणि चालून बघितलं.
आधी उजवा उचलून, डावा ओढत. नाही, असं नाही.
मग डावा पुढे, उजवा मागून, फरफटत,
पावलाआधी जरासा थांबून, दात ओठावर,
हात कुणाच्या तरी खांद्याच्या उंचीला.
हो. माझ्याच खांद्याच्या उंचीला.
बाजाराच्या पायऱ्या ती अशी चढते,
चढून झाल्यावर पदर सारखा करते, जणू काही झालंच नाही.
गुत्त्यातून कोणीतरी ओरडलं,
पात्रांव, आतां पुरो कर!

उजवो, मी पिएदादला सांगितलं,
एखाद्या घराचं रीडिंग सांगावं तसं, ठाम.
तिनं पाय कागदात बांधला
आणि वर एक बारकी मेणबत्ती फुकट घातली.

रांगेत माझ्यापुढे शिरगावची एक बाई होती,
कपाळभर कुंकू, हातात मोगरा.
म्हणाली, बहिणीकडून आणलाय.
सात बहिणींतली कुठली, ते मी विचारलं नाही.
मागचा माणूस छातीवर खूण करत होता.
मी बाटली उलटी केली,
तेल कपाळावरून, नाकावरून, गळ्यातल्या फुलांवरून
सावकाश, घाई नसल्यासारखं गेलं.

साडेअकराला दिवे गेले.
सवयीनं मान वर केली, ट्रान्सफॉर्मरकडे.
कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी मेणबत्त्या पेटवल्या.
बँडनं आधी थांबून बघितलं,
मग अंधारातच सूर धरला.
दिवे परतेपर्यंत खाजें घेतलं, आल्याचं,
बोटांनी चाचपून, तीळ नाहीत ना बघत.

खोर्लीचा चढ मी नेहमीपेक्षा हळू चढलो.
दारात शालन उभी होती, चौकटीला टेकून.
दुरूनच म्हणाली,
तुमच्या पायाला काय झालं?

तेव्हा कळलं, अर्ध्या गावातून मी तसाच आलोय,
डावा पुढे, उजवा मागून.
मी पुडी पुढे केली.